‘ळ’चा खिळा

माझ्या टेबलाच्या खणात एक काडेपेटी आहे आणि तिच्यात शिशाचे सतरा खिळे आहेत. खण आवरताना ती हाताशी येते तेव्हा दर वेळी तेच होते. मनगट काडेपेटीच्या बेताने उचलायला जाते, पेटी जागची हलत नाही, मग जरा जोर लावावा लागतो आणि आत काहीतरी जडपणे एका कडेला घरंगळते. माघातल्या थंडीत ते खिळे नदीतल्या गोट्यांसारखे गार लागतात. नाकाशी धरले तर इतक्या वर्षांनंतरही त्यांना रॉकेलचा पुसट वास येतो, निदान मला तरी येतो. सतरांपैकी एक ‘ळ’चा आहे. बाकीच्या अक्षरांची तोंडे उलटी, ओळखू न येणारी. हा मात्र उलटा असूनही जवळजवळ स्वतःसारखाच दिसतो, आरशात पाहून फारसे न बदललेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. मला खिळा वाचायला शिकवताना मामाने म्हणूनच पहिल्यांदा हा हातात दिला होता.

माझा मामा खिळे जुळवायचा. गावाच्या जुन्या भागात, एका उतरत्या बोळात ते छापखान्याचे दुकान होते. तेव्हा सरकारी पाट्यांवर उस्मानाबाद असे आणि आजीच्या तोंडी धाराशिव. बोळात शिरण्याआधीच ट्रेडल या छपाईयंत्राचा आवाज ऐकू यायचा, दमेकऱ्याच्या श्वासासारखा ठराविक अंतराने ओढलेला आणि सोडलेला. आत लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, साखरपुड्याची आमंत्रणे, दहाव्याची पत्रे, निवडणूक आली की हँडबिले. तुळजापूरच्या यात्रेच्या दिवसांत देवीच्या आरत्यांची चिमुकली पुस्तके. आनंदाचा मजकूर आणि दुःखाचा मजकूर एकाच केसमधल्या खिळ्यांनी जुळे. सकाळी ज्या ‘श्री’ने एखाद्या पत्रिकेचा माथा सजला, तोच दुपारी आणखी कुणाच्या नावामागे कैलासवासी या शब्दाशेजारी जाऊन बसे. मामाला त्यात काही वावगे वाटत नसे. त्याच्या मते खिळ्याला स्वतःचे सुखदुःख नसते, त्याला फक्त जागा असते.

जागा हा त्याचा खरा ध्यास. केस म्हणजे खणाखणांची लाकडी ताटली. इंग्रजीचे काम शंभर-दीडशे खणांत भागते, आपल्या लिपीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येक शे खिळे लागतात. मामा चार केसांच्या मधोमध उभा राही आणि मजकुराच्या कागदावरची नजर न हलवता त्याचा उजवा हात आपोआप त्या त्या खणाकडे जाई, एखाद्या सुगरणीचा हात न पाहता मिसळणाच्या डब्यातल्या हळदीकडे जातो तसा. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक आणि तिच्यात उजवीकडे सरकत जाणारी उलटी ओळ. मी तासन्‌तास ते पाहत उभा असे. “काय बघायलास रे?” तो मान वर न करता विचारी. मग हाताला आलेला एखादा खिळा माझ्या अंगठ्याच्या मांसल भागावर दाबी. कातडीत खोल ठसा उमटे आणि त्या ठशात उलटे अक्षर सुलटे होऊन दिसे. थोड्या वेळाने कातडी भरून येई आणि अक्षर बुजून जाई.

वेलांट्या फार तुटत. शिसे मऊ, आणि वेलांटीचा वळसा खिळ्याच्या अंगाबाहेर निराधार लोंबणारा. चार-दोन हजार दाबांनंतर तो तडकायचाच. नुसत्या शिशाचे खिळे होतही नाहीत, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीमुळे धातूला कणखरपणा येतो आणि निवताना तो आक्रसून साच्याची कड सोडत नाही, म्हणून अक्षराची धार नीट उतरते. हे मला कितीतरी नंतर पुस्तकात कळले. मामाला ते ठाऊक नसावे, पण चांगला खिळा आणि वाईट खिळा तो टेबलावर आपटून नुसत्या आवाजावरून सांगे. नवे खिळे पुण्याहून येत. ते किलोवर मिळत, याचे मला लहानपणी फार आश्चर्य वाटे. अक्षरे वजनावर विकत घ्यायची, बाजरीसारखी, गुळासारखी!

आपण रोज ज्या वस्तूंना हात लावतो त्यांतल्या कितीतरी कुणीतरी, कुठेतरी, पुष्कळ रात्री जागून जुळवलेल्या असतात, हे आपल्या ध्यानातही येत नाही. पिशवीची चेन आपण दिवसातून चार वेळा ओढतो. ती दात्यांच्या दोन रांगांची चेन स्वीडनमधून १९०५ साली अमेरिकेत गेलेल्या गिडियन सुंडबॅक नावाच्या तरुण अभियंत्याने आज आहे त्या रूपाला आणली. १९१७ साली तिचे पेटंट त्याला मिळाले आणि तिचे ‘झिपर’ हे नाव मात्र पुढे भलत्याच कंपनीने ठेवले. वस्तू चालू लागली की करणारा तिच्यातून गळून पडतो. किंबहुना ती इतकी बिनबोभाट चालावी की करणाऱ्याची आठवणच होऊ नये, हीच त्याच्या कामाची पावती असावी. जी चेन अडकते तिच्याच कर्त्याला आपण मनातल्या मनात हाक मारतो.

खिळ्यांच्या बाबतीत असेच एक नाव माझ्यापर्यंत फार उशिरा आले, मामाने ते कधीच ऐकलेले नसताना. शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. ते दोन वर्षांचे असताना जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याआधी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागलेला हा जावजी पुढे स्वतःचे खिळे ओतू लागला, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने पोलादावर कोरलेली वळणदार अक्षरे मराठी-संस्कृत वाचणाऱ्या घराघरांत गेली. अक्षरे ओतण्याची अशी धामधूम ज्या शहरात चालली होती तिथे लहानगा शंकर वाढत होता. चौदाव्या वर्षी त्याने घरातच दगडी कोळशापासून गॅस काढण्याचे साधन केले म्हणतात. विशीत त्याने दृष्टिभ्रमाचे प्रयोग रचले, एक वस्तू पाहता पाहता दुसरी होते असे, आणि ते विलायतेत जाऊन मँचेस्टरच्या मोठ्या सभागृहात करून दाखवले. मुंबईत ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मासिक मराठीत चालवले. मला या मासिकाचे नाव उच्चारायलाही आवडते. कला म्हणजे हुन्नर, हातातली विद्या, हा अर्थ तेव्हा त्या शब्दात जिवंत होता.

मग लंडनच्या एका शोधकांच्या नियतकालिकाने स्पर्धा लावली : किराणा दुकानात साखर, पीठ असे जिन्नस आपोआप मापून, वजन करून देणारे यंत्र कोण योजतो? मुंबईत बसून भिश्यांनी आराखडा धाडला आणि तिथल्या भल्याभल्यांना मागे टाकून तो पहिला आला. मला या यंत्रापाशी थोडे थांबावेसे वाटते. आमच्या बोळाच्या तोंडाशी किराण्याचे दुकान होते. दुकानदार पुडीत साखर सोडताना शेवटी मूठ अर्धवट उघडी ठेवून दाणे अंगठ्याने एकेक ढकलायचा, ताजव्याचा काटा मध्याला येईपर्यंत, आणि त्या क्षणी दुकानातली सगळी माणसे, माझ्यासकट, श्वास धरून काट्याकडे पाहत. त्या अंगठ्याच्या जागी पाते, झडप आणि तरफ कशी बसवावी, याचा विचार कुणी केला असेल तर त्याने आधी तो अंगठा किती मायेने पाहिला असेल! भिश्यांच्या यादीत पुढे स्वयंपाकघरातली साधने आली, आपोआप धुतला जाणारा संडास आला, उजळणाऱ्या जाहिरातींच्या पाट्या आल्या. सुमारे दोनशे शोध आणि चाळीसेक पेटंटे. त्यांतले पुष्कळसे असे घरगुती, दारातले, ओट्यावरचे. आगगाडी किंवा तोफ यांपेक्षा माणसाचा हात जिथे रोज अवघडतो ती जागा त्यांना दिसत असावी.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते लंडनला गेले. दिनशा वाच्छांनी त्यांना दादाभाई नौरोजींच्या हवाली केले. देशातून दरसाल किती धन वाहून जाते याचा हिशेब उभी हयात मांडणारे दादाभाई, आणि त्यांच्याकडे खिशात आराखड्यांच्या गुंडाळ्या घेऊन आलेला हा तरुण. दादाभाईंनी स्वतःचे पैसे गुंतवले. जे परदेशात वाहून जाते त्यातले थोडे एका माणसाच्या बुद्धीच्या वाटेने परत येईल, असे काहीतरी त्या वृद्ध मनात असेल का? मला तसे वाटायला आवडते.

लंडनमध्येच भिश्यांचे सर्वांत मोठे स्वप्न आकाराला आले, ‘भिसोटाइप’, खिळे ओतणारे यंत्र. त्या काळात छपाईची सारी दुनिया या एका गाठीभोवती फिरत होती. छापण्याचा वेग वाफेने वाढवला, कागद रिळावर आला, पण अक्षर जुळवणारा हात तेवढाच राहिला. ही गाठ आधी सोडवली तीही एका परक्यानेच. ओटमार मेर्गेनथालर, जर्मनीतला, घड्याळजीकडे उमेदवारी केलेला, १८७२ साली अठराव्या वर्षी अमेरिकेला गेला. त्याच्या लायनोटाइपने एकेक खिळा सोडून अख्खी ओळच शिशात ओतली आणि १८८६ साली न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये ती पहिल्यांदा छापली गेली. घड्याळातली चाके नीट एकमेकांत बसवण्याची सवय ज्या बोटांना होती त्यांनीच ते करावे, यात काहीतरी सहज आहे. १८९९ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. भिसे या शर्यतीत उतरले ते हे सगळे होऊन गेल्यावर, मोठ्या कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्यावर. खिळे वेगाने आणि स्वस्तात ओतावेत, छोट्या छापखान्यालाही ते परवडावेत, अशी त्यांची ओढ होती. हेन्री हाइंडमन या समाजवादी पुढाऱ्याने भांडवल उभे करण्याचे वचन दिले, ते भांडवल काही उभे राहिले नाही, दादाभाईंचेही हात थकले, आणि १९०८ च्या अखेरीस भिसे हिंदुस्थानच्या बोटीत चढले.

त्या बोटीचे चित्र माझ्या मनात वारंवार येते. चाळिशी ओलांडलेला माणूस, कर्जाचे ओझे, पेटीत आराखडे. तांबड्या समुद्राचा तो दमट उष्मा. डेकवर भेटतात ते गोपाळ कृष्ण गोखले. दोघांचे बोलणे मराठीतच झाले असणार. इतक्या वर्षांच्या इंग्रजी पत्रव्यवहारानंतर, शेअरांच्या आणि अटींच्या भाषेनंतर, खिळा, साचा, ओतणे हे शब्द त्यांना पुन्हा तोंडात घोळवायला मिळाले असतील. मुंबईला आल्यावर गोखल्यांनी शब्द टाकला आणि रतन टाटा पुढे आले, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेत गांधींच्या लढ्यासाठी पंचवीस हजार रुपये पाठवणारे आणि पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा देणारे हेच रतन टाटा. टाटा आणि भिसे अशी दोन नावे जोडून लंडनमध्ये शोधांची संस्था उभी राहिली. मग महायुद्ध आले आणि १९१५ साली तीही मिटली.

इथे मला आमच्या जिल्ह्यातून गेलेली एक आगगाडी आठवते. भिसे लंडनच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते त्याच सुमाराला, १८९७ साली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने बार्शीची छोटी लाइन सुरू केली. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट, आणि गाडीचे वजन प्रत्येक आसावर सारखे वाटले जावे म्हणजे हलक्या रुळांवरूनही जड माल जाईल, हा त्याचा सारा विचार. बार्शीहून ती लाइन पूर्वेला येडशी, ढोकी करत १९११ साली लातूरला पोचली. माझ्या आजीने माहेरपणाचे सगळे प्रवास त्या गाडीने केले, आणि ती सांगे की येडशीच्या चढाला गाडी इतकी हळू होई की पोरे उतरून बोरे वेचत आणि पुन्हा चढत. त्या कॅलथ्रॉपने पुढे विलायतेत विमानातून उडी घेणाऱ्यासाठी पॅराशूट केले, त्याला नाव दिले ‘गार्डियन एंजल’, पाठीराखा देवदूत. हा माणूस परका, पण त्याचे आस आणि रूळ आमच्या बालाघाटच्या उतारावर शंभर वर्षे झिजले. आजीच्या गुडघ्यांना त्या गाडीच्या पायऱ्यांची उंची पाठ होती. आणि आमच्या भाषेतल्या माणसाने खिळे ओतायचे यंत्र केले, ते मात्र आमच्या बोळापर्यंत कधी आले नाही. मी याची तक्रार करत नाही. रूळ टाकणाऱ्याच्या मागे साम्राज्य असते, आराखडा घेऊन निघालेल्याच्या मागे दोन-चार थोर मनाची माणसे असतात, एवढाच तो फरक. पण तो आठवला की काडेपेटी जरा जास्त जड लागते.

साचा हा शब्दही आमच्या मुलखात नवा नाही. धाराशिवपासून जवळ तेर आहे, तेरणेच्या काठचे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पोथीत त्याचे नाव आहे. इथले सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेला तिथला संग्रह आता शासकीय संग्रहालयात आहे. मी तिथे गेलो की पांढऱ्या मातीच्या मूर्तींसमोर उभा राहतो. त्या दोन साच्यांत घडवलेल्या असत, पुढची बाजू एकात, पाठ दुसऱ्यात, मग दोन्ही ओल्या असतानाच जोडायच्या. ही पद्धत रोमकांच्या व्यापाराबरोबर आली असावी, असे जाणकार मानतात. म्हणजे कुणीतरी एक कारागीर, किंवा नुसता त्याच्या हातातला साचा, समुद्र ओलांडून तेरणेच्या काठी आला असेल. तो परत गेला असेल का? इथलीच माती त्याच्या नखांत भरली असेल, इथल्या बायकांचे केशबंध त्याच्या मूर्तींच्या डोक्यावर बसले असतील. मूर्तीच्या कडेला नीट पाहिले तर जोडाची बारीक रेघ दिसते. दोन अर्धे कुठे मिळाले ते तिथे कळते.

तेर गोरोबाकाकांचेही गाव. कुंभाराचे चाक, त्याच्यापेक्षा रोजचे यंत्र कुठले सांगावे! ते कुणी शोधले हे विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही. विठ्ठलाच्या नादात माती तुडवणाऱ्या त्या संताला भोवतालचे भान राहिले नाही आणि केवढा अनर्थ ओढवला, ही कथा मी आईच्या मांडीवर ऐकली. तेव्हा फक्त भीती वाटली होती. आता वाटते की हाताच्या कामात माणूस एवढा हरवू शकतो हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते आणि त्या हरवण्याची किंमतही ठाऊक होती. शोधक माणसाच्या घरच्यांबद्दल मी म्हणूनच विचार करत राहतो. संस्था मोडली, संस्था उभी राहिली, असे आपण एका ओळीत लिहितो. त्या दोन क्रियापदांच्या मध्ये किती महिन्यांचे भाडे थकलेले असते!

१९१६ च्या सुमाराला भिसे न्यूयॉर्कला गेले आणि तिथेच राहिले. तिथे त्यांनी खिळ्यांच्या यंत्राचा पाठपुरावा चालू ठेवला, त्यासाठी स्वतःच्या नावाची कंपनीही काढली. पैसा मात्र त्यांना मिळवून दिला तो आयोडीनच्या एका औषधाने, पुढे ‘ॲटोमिडिन’ या नावाने विकल्या गेलेल्या. तिकडच्या लिखाणात त्यांचे नाव ‘संकर बिसे’ असे काहीतरी होऊन येते. नावाचेही असेच असते, परक्या साच्यात ओतले की कडा जराशा बोथट होतात, वेलांटी तुटते. १९३० साली त्यांची आणि वृद्ध एडिसनची भेट झाली. त्यांना लोक भारताचा एडिसन म्हणत, आजही जिथे त्यांचा उल्लेख येतो तिथे तो याच बिरुदाने येतो. ते गौरवाने दिले आहे हे मला कळते. तरी त्या दोन माणसांना एका खोलीत बसलेले मी पाहतो तेव्हा मला वाटते की भिश्यांना त्या क्षणी आपण कुणाचे प्रतिबिंब आहोत असे वाटले नसेल. एक म्हातारा कारागीर दुसऱ्याच्या हातांकडे पाहतो तसे त्यांनी एडिसनच्या हातांकडे पाहिले असेल. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच ते गेले. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

शेजारच्या घरातला एक मुलगा आता चाकणला असतो. दिवाळीला आला की त्याच्या हाताला तेलाचा वास येतो, मामाच्या हाताला रॉकेलचा यायचा तसा. गेल्या खेपेला त्याने मोबाइलवर मला एका पार्टचे चित्र दाखवले, अंगठ्याएवढी पोलादी बुश. रोज तो त्या शेकड्यांनी काढतो, केसाएवढाही फरक चालत नाही, म्हणाला. ही कुठे बसते, असे मी विचारले. “गाडीत बसती कुठंतरी आत. म्या काय पाहिलं नाही,” तो म्हणाला आणि हसला. त्याच्या बोलण्यात खंत नव्हती. उलट मापाचा अभिमान होता. आमच्याकडून माणसे फार जातात. कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, आयटीआयचा दाखला घेऊन पुण्याला जातात. गावातला प्रत्येक जण कुठल्या तरी दूरच्या यंत्राच्या आत बसलेला असतो आणि ते यंत्र अख्खे त्याने क्वचितच पाहिलेले असते. दिवाळीत मात्र चार दिवस सगळे जागेवर येतात. पारावर, ओट्यावर, आपापल्या खणात. मग भाऊबीज झाली की एसटीच्या स्टँडवर पुन्हा पिशव्यांची रांग लागते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते, गाव गुलालाने आणि थकव्याने गाढ झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. उमरगा, लोहारा भागात आणि पलीकडे किल्लारीला काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल लिहायला माझ्यापाशी शब्द नाहीत. आमच्या गावातली घरे मात्र उभीच राहिली. मामा उजाडताच छापखान्यात गेला, मी त्याच्या मागे. दोन केसा घडवंचीवरून खाली आल्या होत्या. फरशीवर ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत सगळी अक्षरे एका राखाडी ढिगात पडली होती, आणि दाराच्या फटीतून आलेल्या उन्हात त्यांची टोके चमकत होती. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फरशीवर पोते अंथरले, मांडी घातली, पहिला खिळा उचलला, अंगठ्याच्या नखाने त्याचे तोंड चाचपले आणि तो खणात टाकला. मग दुसरा. त्या दिवसांत त्याच्याकडून मदतीच्या पावत्यांची पुस्तके तातडीने छापून हवी होती, लोक धान्य, कपडे, भांडी घेऊन दक्षिणेकडे निघाले होते. जेवढी अक्षरे जागेवर आली तेवढ्यांतूनच त्याने पावती जुळवली. काही शब्द त्यासाठी बदलावे लागले, कारण ते अक्षर अजून ढिगात होते.

हे सारे होत असताना जगात खिळ्यांचा काळ केव्हाच सरला होता. न्यूयॉर्कच्या ‘टाइम्स’ने १९७८ च्या जुलैत शेवटची शिशाची ओळ ओतून लायनोटाइप थांबवले होते. मेर्गेनथालरची ती करामत, जिच्या वेगाला गाठण्यासाठी भिश्यांनी आयुष्य वेचले, ती आमच्या बोळात न येताच जुनी झाली होती. आमच्याकडे मधला टप्पा आलाच नाही. एका टोकाला मामाची बोटे आणि दुसऱ्या टोकाला संगणक, आणि मध्ये ज्यांनी ज्यांनी रात्री जागवल्या त्या सगळ्यांची यंत्रे कुठल्या तरी दुसऱ्या गावांवरून निघून गेली.

मग आमच्याही बोळात तो दिवस आला. मालकांनी ऑफसेटला काम द्यायचे ठरवले, ट्रेडल कुणीतरी लोखंडाच्या भावात नेली, आणि खिळ्यांसाठी भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितले. शिशाला दर बरा होता. शनिवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा मामा एकटाच दिव्याखाली उभा होता. चौकटीत शेवटची लग्नपत्रिका आवळलेली होती, छापून, देऊन झालेली. त्याने ती रॉकेलने पुसली, चौकट सैल केली, आणि ओळीमागून ओळ हातात घेऊन खिळे खणांत टाकू लागला, ‘शु’ त्याच्या खणात, ‘भ’ त्याच्या, काने कान्यांच्या, मात्रा मात्रांच्या. मी म्हणालो, “मामा, परवा ते सगळं पोत्यातच भरणार आहेत. वितळवणार आहेत.”

“व्हय की,” तो म्हणाला. हात थांबला नाही.

रविवारी दुपारपर्यंत गॅलीवरचे, जुळवून ठेवलेले सगळे मजकूर त्याने तसेच सोडवले. जुनी पावतीपुस्तके, एक अर्धवट राहिलेली आरती, कुणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाचे आमंत्रण. प्रत्येक खिळा जागेवर गेला. मग त्याने हात राखेने घासून धुतले, निघताना एका केसजवळ थांबला, न पाहता दोन-चार खणांत बोटे घातली आणि मूठ माझ्यापुढे धरली. मी खिशातली काडेपेटी काढली आणि तिच्यातल्या काड्या चुलीपाशी रिकाम्या केल्या.